कोंड्यावरच्या पिसवा

आधीच सांगून ठेवतो, मी चोर नाही. अठ्ठावीस वर्षं वसतिगृहाच्या मेसमध्ये आचारी होतो. दोनशे पोरांना दोन्ही वेळा पोटभर जेवू घातलं आणि कोठारातला लोण्याचा गोळा सोडा, मिरीचा दाणासुद्धा कधी खिशातून घरी आणला नाही. तेव्हा बायकोच्या पाठीमागे पाच आठवडे मी जे केलं, त्याला चोरीच म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग उलटी चोरी म्हणा. मी घेतलं काहीच नाही. घातलं.

बायको माझी मत्स्यबीज केंद्रात सहायक. तळ्यांत सोडायची माशांची पिल्लं तिथे तयार करतात. पिल्लं कसली, पुढे दोन डोळे आणि मागे दोरा. त्या दोऱ्याला पहिले काही दिवस जिवंत खाऊ लागतो, आणि तो खाऊ म्हणजे पाणपिसवा. नाव ऐकून लगेच अंग खाजवू नका, ह्या चावत नाहीत. गोड्या पाण्यात राहणारे, टाचणीच्या डोक्याएवढे जीव. खेकडा आणि झिंगा ह्यांच्याच खानदानातले, पण गरीब शाखेतले. ह्यांना खायला घालायचं, पाणी बदलायचं, मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे काम बायकोनं एकतीस वर्षं केलं. प्रयोग दुसऱ्यांचे. अहवाल छापून आला की वर मोठ्या लोकांची नावं आणि शेवटच्या पानावर अगदी तळाला एक ओळ, 'तसेच इतर कर्मचारी'. त्या 'इतर'मध्ये माझी बायको एकतीस वर्षं राहिली.

निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा तिनं केंद्राच्या साहेबांना गाठलं. म्हणाली, "एक प्रयोग माझा मला करू द्या. एक अहवाल माझ्या नावावर, मग मी सुखानं घरी बसते." साहेब माणूस तसा वाईट नाही, फक्त सगळं 'ठळक' लागतं त्याला. तो म्हणाला, "करा ना, जरूर करा. पण जागा नाही. टाक्यांच्या खोलीचं छप्पर दुरुस्तीला काढलंय. आणि निष्कर्ष मात्र ठळक पाहिजे."

म्हणून प्रयोग आमच्या घरी आला. मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली, माझ्या मेसमधून निरोपाच्या वेळी मिळालेल्या बिस्किटांच्या सहा मोठ्या काचेच्या बरण्या रांगेत लागल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि नंबर. एक आणि दोन नंबरला हिरवं पाणी, म्हणजे शेवाळाचं. तीन आणि चारला कोंडा भिजवून गाळलेलं पाणी. पाच आणि सहाला यीस्ट. सहा आठवडे हाच आहार, मग पिसवा वाळवायच्या, भुकटी करायची आणि तपासणीला पाठवायची. कुठल्या जेवणानं पिसवेत किती प्रथिनं आणि कसली चरबी उतरते, हे बघायचं.

"एवढंच?" मी म्हणालो. "अगं, खाल तसे व्हाल, हे कुठलाही आचारी सांगेल."

"आचारी आकडा सांगतो का?" ती म्हणाली. विषय संपला.

आता माझं बघा. मागच्या वर्षी जिना चढताना मला दरदरून घाम फुटला आणि छातीवर कुणी सिमेंटचं पोतं ठेवल्यासारखं झालं. वाचलो. पण डॉक्टरनं माझ्या ताटावर जी धाड घातली ती काही विचारू नका. मीठ बंद, लोणी बंद, तळलेलं बंद, अंड्यातला पिवळा बलक बंद. पांढरं तेवढं खा म्हणे. पांढऱ्यात असतं काय हो? उकडलेला कोबी, उकडलेलं गाजर, आणि वर रोज दुपारी माशाच्या तेलाची एक गोळी. पिवळी, पारदर्शक, वालाच्या दाण्याएवढी. गोळी गिळली की संध्याकाळपर्यंत ढेकरा. ढेकर म्हणजे नुसती ढेकर नाही, अख्खा मासळीबाजार घशातून वर येतो. ज्यानं दोनशे पोरांच्या मिठाचा अंदाज एका चिमटीत घेतला, त्याच्या नशिबी हे.

बायको रोज कामाला जाताना बशीत गोळी काढून ठेवायची आणि दुपारी फोन करून विचारायची, "घेतली?" मी म्हणायचो, "घेतली." सुरुवातीला खरंच घेत होतो, देवाशपथ.

एका रविवारी तिनं मला भिंगातून पिसवा दाखवल्या. पिसू आरपार दिसते, काही म्हणजे काही लपवता येत नाही तिला. एक नंबरची पिसू बघितली. पोटात हिरवीगार रेघ, पाठीवरच्या पिशवीत अंड्यांची दाटी. खातीपिती सून. मग तिनं तीन नंबरमधली दाखवली. पांढरी फटक. पोटात फिकट धागा, पाठीवरची पिशवी रिकामी. हात मारत होती बिचारी, पण कसंबसं.

"हिला जेवायला कोण घालतं?" मी विचारलं.

"मीच. कोंड्याचं पाणी."

"हे जेवण आहे?"

"हा आहार आहे," ती म्हणाली. "तुम्हीही आहारावरच आहात."

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. ती पिसू आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. तिला एकच डोळा असतो, मधोमध, काळा.

"ह्यांचे आणखी हाल झाले की काय होतं माहितीय?" बायको उत्साहानं सांगायला लागली. "एरवी ह्यांच्यात सगळ्या बायकाच. नराची गरजच पडत नाही, आपल्या आपण पिल्लं घालतात. खाण्यापिण्याची आबाळ झाली, दिवस वाईट आले, की मग नर जन्माला येतात."

"म्हणजे नर दिसला की समजायचं, वाईट दिवस आले?"

"शास्त्र सांगतं तसं," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून इतकी हसली की भिंग हललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केंद्रात. मी उकडलेला कोबी खाल्ला, बशीतली गोळी हातात घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. सगळं तुमच्यासमोर कबूल करतो. गोळी मला नकोच होती, हे खरं. पण नुसतं तेवढंच असतं तर मोरीत टाकली असती. उपाशी पोराच्या ताटात डावभर जास्त वाढणारा हात आहे हा, अठ्ठावीस वर्षांची सवय. टाचणीनं गोळीला भोक पाडलं आणि तेलाचा थेंब तीन नंबरमध्ये पिळला.

चुकलंच. तेल पाण्यावर तरंगतं, हे मला कळायला नको? तेलाचा तवंग पसरला आणि वर आलेल्या पिसवा त्यात अडकून तडफडायला लागल्या. धावत जाऊन चहाची गाळणी आणली, तवंग काढला, एकेक पिसू चमच्यानं सोडवली. चार गेल्या. संध्याकाळी बायकोनं वहीत लिहिलं, 'तीन नंबर: चार मृत, अशक्तपणा.' मी रात्री जेवलो नाही. तिला वाटलं, कोबीचा कंटाळा आला.

पण मी आचारी आहे. तेल आणि पाणी एकत्र कसं नांदवायचं, हे मला शिकवायला नको. सकाळी माझ्या अंड्याचं पांढरं बाजूला काढल्यावर जो बलक बेसिनमध्ये जायचा, तो आता वाटीत राहायला लागला. दुपारी बलकाचा नखभर गोळा घ्यायचा, काट्यानं फेटायला लागायचं आणि गोळीतलं तेल थेंब थेंब सोडत जायचं, वर कोमट पाणी. दोन मिनिटांत दाट, एकजीव, दुधासारखं. मग छोटा चमचा तीन नंबरला. आणि तेवढाच चार नंबरला. चार नंबरही कोंड्यावरच होती की! पंक्तिप्रपंच माझ्या हातून कधी झाला नाही. उरलेला बलक मात्र मी बेसिनमध्येच टाकायचो, स्वतःच्या तोंडात नाही. एवढं इमान मी राखलं, ह्याची कुणी नोंद घेतली नाही.

कोंड्याचं पाणी मुळातच गढूळ. त्यात माझं दूध कुणाला दिसणार?

आठवड्यात फरक पडला. बायको नसताना मी भिंग लावून बसायचो. तीन-चार नंबरच्या पोरी भरल्या. अंगात सोनेरी थेंब दिसायला लागले, पिशव्यांत अंडी धरली. मी एकटाच खुर्चीत बसून हसायचो. मेस सुटल्यापासून मी केलेलं जेवण इतक्या आवडीनं कुणी खाल्लं नव्हतं, आणि दुपारच्या फोनवर "घेतली" म्हणताना मला लाजही वाटेनाशी झाली.

बायको मात्र बुचकळ्यात पडली. "अहो, तीन-चारमध्ये अजून एकही नर नाही."

"मग चांगलंय की."

"चांगलं कसं? उपाशी आहेत त्या! आतापर्यंत चारदोन तरी दिसायला हवे होते."

मी खिडकीबाहेर बघून म्हणालो, "उशीर झाला असेल. नरांचं काय, कुठेही उशिराच पोचतात." तिनं वहीत प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या आठवड्यात दोन काढली.

सहा आठवडे संपले. पिसवा वाळल्या, भुकटी पुड्यांत गेली, पुड्या तपासणीला. खरं सांगतो, मला वाटलं होतं, एवढ्याशा तेलानं आकडा काय हलणार. त्याच सुमाराला आमच्या लेकीनं माझं रक्त काढून नेलं. लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, घरी येते ती सुई घेऊनच.

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. माझं पाकीट टेबलावर तसंच पडलं, त्यावर कुणीतरी गाजरांची पिशवी ठेवली. पिसवांचं पाकीट बायकोनं उभ्या उभ्या फाडलं आणि वाचता वाचता खुर्ची चाचपत खाली बसली.

शेवाळाच्या पिसवा चांगल्या. यीस्टच्या बेताच्या. आणि कोंड्यावरच्या पिसवांत चांगली चरबी, जी माशांच्या पिल्लांना जगवते ती, शेवाळवाल्यांच्या तिप्पट.

संध्याकाळी साहेब स्वतः घरी आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. कागद हातात घेऊन खोलीभर फिरले. "ठळक! अहो, किती ठळक! कोंडा! आणि बघा, तीन आणि चार, दोन्ही बरण्यांचे आकडे जवळजवळ एकसारखे. एका बरणीचा असता तर म्हटलं असतं चूक झाली. दोन्ही जुळतात म्हणजे शंकेला जागाच नाही." मी कोपऱ्यात बसून माझा पंक्तिप्रपंच न करण्याचा स्वभाव मनातल्या मनात धुऊन काढत होतो. "सोमवारच्या वार्षिक सभेत तुम्हीच वाचायचं," साहेब म्हणाले. "छापताना माझं नाव वर टाकू, म्हणजे अहवालाला वजन येईल. तुमचं लगेच खाली."

ते गेल्यावर मी उसळलो. "त्याचं नाव वर का? बरणीत हात तरी घातला का त्यानं?"

"असू दे हो," ती म्हणाली. "'इतर'मधून तर सुटले." आणि कागद पुन्हा उघडून बसली. चेहरा आनंदी होता, पण कपाळावर आठी. "कोंड्यात ही चरबी नसतेच. मग आली कुठून? ह्या स्वतः बनवतात म्हणावं, तर एकतीस वर्षांत कधी दिसलं नाही." तिनं कोंड्याची पिशवी आणून हुंगली, चिमूटभर चाखलीसुद्धा. मला घाम फुटला. हा घाम जिन्यातल्या घामापेक्षा वाईट होता.

शनिवारी लेक आली. गाजरांखालचं पाकीट तिनंच काढलं, फोडलं, आणि दुसऱ्या हातात आईचा कागद घेतला. "आई, कमाल आहे बाई. बाबांच्या रक्तातल्या चरबीचा आकडा मागच्यापेक्षा वाईट, आणि तुझ्या पिसवांचा बघ! बाबांच्या गोळ्या त्यांनाच लागू पडल्या वाटतं!"

मायलेकी खदखदून हसल्या. मी पाणी पीत होतो, ते नाकातून बाहेर आलं. लेकीचं हसू हळूहळू थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"बाबा."

"काय?"

"सोमवारच्या आत तुम्ही सांगताय की मी सांगू?"

ह्या मुलीला लहानपणी मी किती साखर चारली, आणि आता बघा. "सांगतो," म्हणालो.

शनिवार गेला, रविवार गेला. प्रत्येक वेळी तोंड उघडलं की ती समोर भाषण वाचून दाखवत असायची. रविवारी चार वेळा ऐकलं. पहिल्या वाक्यात 'मी' होता. "मी सहा बरण्यांत..." इथे ती दर वेळी जरा थांबायची, तो शब्द पुन्हा एकदा म्हणून बघायची. सांगा, कुठल्या तोंडानं बोलू? गप्प बसलो तर सोमवारी टाळ्या पडतील. पण पुढे कुणीतरी, कुठेतरी, कोंडा घालून पिसवा वाढवणार, आकडा येणार नाही, आणि खोटारडी कोण ठरणार? नाव तिचं. एकतीस वर्षांनी मिळालेलं.

सोमवारी सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून आरशासमोर उभी होती. मी दारात उभा राहिलो आणि एका दमात सगळं ओकलो. गोळी, टाचणी, तवंग, गाळणी, बलक, छोटा चमचा.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती वळली, टेबलाशी बसली आणि वही उघडली.

"कुठल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या सोमवारपासून."

"किती वाजता?"

"सव्वादोन. तुझा फोन झाला की."

"दोन्ही बरण्यांत सारखं?"

"अगदी सारखं," मी म्हणालो. "मापानं."

"म्हणून जुळले," ती स्वतःशीच म्हणाली आणि लिहीत राहिली. "तरीच नर नाहीत. तरीच. मूर्ख मी." तिनं वहीतल्या प्रश्नचिन्हांवर एकेक रेघ मारली. मला वाटलं, सुटलो. इतकं शांत माणूस रागावलेलं नसतं.

मग तिचं पेन थांबलं.

"रोज एक गोळी?"

"हो. एकच."

"त्या दोन बरण्यांत."

"हो."

"मग तुम्ही काय घेत होता?"

माझी नजर बशीतल्या गोळीवर गेली.

"पाच आठवडे? एकही नाही?" तिचा आवाज चिरकला. "मी रोज फोन करते. तुम्ही रोज 'घेतली' म्हणता. तुमचा रिपोर्ट गाजराखाली पडला होता आणि मी पिसवांची चरबी मोजत बसले!" ती उठली, मला वाटलं मारते आता, पण तिनं माझ्या सदऱ्याचं बटण धरलं आणि रडायला लागली. "पिसवा मी पुन्हा वाढवीन हो. वाटीभर पाण्यातून हजार वाढवीन. तुम्हाला कुठून आणू?"

पस्तीस वर्षांच्या संसारात मला असं कुणी काही विचारलं नव्हतं. मीही रडलो. लाज कसली त्यात.

मग तिनं तोंड धुतलं, कपडे नीट केले आणि म्हणाली, "चला. तुम्हीही चला. मागे बसा आणि तोंड बंद ठेवा."

सभागृहात साठसत्तर माणसं होती. साहेबांनी आधीच फळ्यावर 'कोंडा' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. बायको उभी राहिली. "मी सहा बरण्यांत पाणपिसवा वाढवल्या," ती म्हणाली. "त्यातल्या तीन आणि चार नंबरचे आकडे मी रद्द करते. कारण माझे पती." आणि तारीखवार सगळं वाचून दाखवलं. सव्वादोनसकट. गाळणीसकट.

आधी कुणी हसेना. मग मागच्या रांगेत एक फुटला, आणि मग सगळं सभागृह. मी खुर्चीत इतका खाली सरकलो की समोरच्याची चप्पल दिसायला लागली. साहेबांनी हळूच उठून फळ्यावरचा 'कोंडा' पुसला आणि गंभीर आवाजात सांगितलं, "मी स्पष्ट करू इच्छितो की हा प्रयोग संपूर्णपणे बाईंचाच आहे. माझं त्यात नाव असणं अन्यायाचं होईल." वा रे वा! ठळक माणूस. "ह्या वर्षीच्या अहवालात अर्थातच घेता येणार नाही," त्यांनी जोडलं. "निवृत्तीच्या आत पुन्हा करून आणलात तर बघू."

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मत्स्यपालकानं हात वर केला. "बाई, तेल पाण्यात फाटलं कसं नाही? आमच्याकडे दर वेळी तवंग येऊन मरतात. प्रमाण काय घेतलं?"

मी ताडकन उभा राहिलो. "बलक नखभर, आणि तेल थेंब थेंब..."

"खाली बसा," बायको म्हणाली. "आजचा विषय कोंडा आहे."

मी बसलो.

निवृत्तीला दोन महिने होते. दुसऱ्याच दिवशी सहाही बरण्या धुऊन पुन्हा रांगेत लागल्या. मागच्या खोलीला कुलूप, किल्ली तिच्या गळ्यात. शेजारणीला वाटलं, आम्ही आत सोनं ठेवलंय. आणि वहीत सहा रकान्यांच्या शेजारी एक सातवा रकाना आला. 'सात नंबर: नर, एक. वय बासष्ट. आहार: मीठ नाही, लोणी नाही, गोळी रोज एक.' गोळीची वेळ बदलली. आता ती कामाला निघायच्या आधी, तिच्यासमोर. "आ करा. जीभ वर. डावा गाल." मग वहीत माझी सही.

"नर दिसला म्हणजे वाईट दिवस, असं म्हणाली होतीस ना?" मी एकदा चिडून विचारलं. "मग कशाला एवढा जपतेस?"

"पिसवांचं शास्त्र पिसवांना," ती म्हणाली. "मला हा नर अजून वीस वर्षं पाहिजे. सही करा."

ह्या खेपेला भिंग मिळालं नाही, पण दारातून कानावर यायचं. चौथ्या आठवड्यात आतून ओरडली, "अहो, नर! तीन नंबरमध्ये नर! चारमध्ये तीन!" इतका आनंद लेकीच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता. मला त्या तीन-चार नंबरच्या पोरींचं वाईट वाटलं. रोज वाटायचं. सव्वादोन वाजले की माझा हात आपोआप काटा शोधायचा. पण मी त्या कुलपाकडे बघायचो, ढेकर द्यायचो आणि गप्प बसायचो.

निवृत्तीला चार दिवस असताना लेक दोन पाकिटं घेऊन आली. तपासणीवाल्यांकडून आईचं, आणि तिच्या प्रयोगशाळेतून माझं. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. बायकोनं हात पुसले, चष्मा लावला आणि क्षणभरही न थांबता माझं पाकीट उचललं.

"तुझं फोड आधी," मी म्हणालो. "चार दिवस राहिलेत."

"थांबा हो."

तिनं कागद वरून खाली वाचला. मग खालून वर. मग वही उघडून सात नंबरच्या रकान्यात आकडा लिहिला. बोट त्या आकड्यावर ठेवून बसली. उतरला होता. खूप नाही, पण उतरला होता.

"आई, तुझं पाकीट," लेक म्हणाली.

"तुम्ही फोडा," बायको मला म्हणाली. "मला आता नीट दिसत नाहीये."

मी फोडलं. हिरव्या पाण्याच्या पिसवा उत्तम. यीस्टच्या बेताच्या. कोंड्यावरच्या सगळ्यांत निकृष्ट, चांगली चरबी नावाला. मी मोठ्यानं वाचलं, 'निकृष्ट' हा शब्द दोनदा वाचला. ती रडता रडता हसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बरोबर आहे. अगदी बरोबर आहे."

अहवाल निघाला. चार पानी. वर एकच नाव, तिचं. शेवटच्या पानावर तळाला एक ओळ आहे, 'तीन व चार क्रमांकाच्या बरण्यांपासून दूर राहिल्याबद्दल पतीचे आभार.' कुणीही आलं की मी तेच पान उघडून दाखवतो, आणि ती आतून ओरडते, "आधी पहिलं पान दाखवा!"